चढावरच्या घराचा मागचा ॲक्सल

मी मागचा ॲक्सल बोलतोय. गाडीचा रंग सगळ्यांना ठाऊक असतो, हॉर्नसुद्धा ओळखीचा असतो, पण मागच्या दोन चाकांना जोडणारा तो लोखंडी दांडा कुणी वाकून बघत नाही. तो दांडा मी. मधे फुगीर पोट, दोन्हीकडे पसरलेले दोन हात आणि हातांच्या टोकाला एकेक चाक. इंजिन पुढे कितीही गरजू दे, त्याचा जोर शेवटी माझ्या पोटात येतो आणि तिथून मी तो दोन्ही चाकांना वाटतो. वाढपी म्हणा ना मला.

मुक्काम कायम गाडीखाली, त्यामुळे माणसं मला घोट्यापर्यंतच दिसतात. पण तेवढ्यावर माझं भागतं. कोण रुसून निघालंय, कुणाला घाई आहे, कुणाच्या पायात आज जीव नाही, हे मला चपलेवरून कळतं.

जन्म माझा भट्टीतला. पोट एकीकडे ओतलं, हातांच्या नळ्या दुसरीकडे झाल्या, आतले दाते आणखी कुठे घासले गेले, आणि मग एका लांबलचक शेडमधे कुणीतरी सगळं एकत्र जोडून माझ्यावर काळा रंग फासला. रंग वाळायच्या आत मला एका दणकट गाडीखाली बसवलं आणि ती गाडी गेली दगडाच्या खाणीवर.

खाणीवरचा ड्रायव्हर भला माणूस. चढ आला की गाडीशी बोलायचा. चल गं बाई, एवढं एक वळण, मग सावली आहे. आता मी काही बाई नाही, पण ऐकायला बरं वाटायचं. मालक मात्र निराळा. गाडीत मावेल तेवढं नाही, मावणार नाही तेवढं भरायचा, आणि माझं तेल बदलायचं नाव काढलं की त्याला कुठेतरी जायचं असायचं. माझ्या आधी वरची गाडीच थकली. पत्रा गंजला, दारं लोंबायला लागली, आणि एक दिवस दोघांनी मला खालून सोडवून भंगाराच्या आवारात नेऊन टाकलं.

तिथे मी किती पडून होतो ते विचारू नका. एका बाजूला मोडका पंखा, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी घराच्या खिडकीचे गज. अंगावर गवत चढलं. एका मांजरीने माझ्या आडोशाला पिल्लं घातली, वाढवली आणि निघूनही गेली. गिऱ्हाईक यायचं ते आधी एक लाथ मारून बघायचं. लाथ मारून लोखंडाचं काय कळतं ते मला अजून समजलेलं नाही. पण माणसाची सवयच ती, विकत घ्यायचं असो नसो, आधी लाथ.

मग एकदा दोन जोड पाय आले. एक लाकडाच्या भुशाने माखलेले जाड बूट आणि मागे निळ्या रबरी चपला. बुटांनी लाथ मारली नाही. बूट वाकले, गुडघे टेकले आणि एका हाताने स्वतःच्या रुमालाने माझं पोट पुसलं. बाजूचं बूच काढून आत बोट घातलं, तेलाचा वास घेतला. मग माझं एक टोक हाताने हळूच फिरवलं आणि दुसऱ्या टोकाकडे बघत राहिले. साध्या ॲक्सलचं दुसरं टोक उलटं फिरतं. माझं फिरलं त्याच दिशेला.

हे का, ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. साध्या गाडीत एक चाक चिखलात घसरून उधळलं की सगळा जोर त्याच चाकाकडे पळतो. दुसरं चाक चांगल्या जमिनीवर उभं राहून नुसतं बघतं. घरात जो जास्त आरडाओरडा करेल त्याच्याच ताटात सगळं पडावं, तसंच ते. माझ्या पोटात चकत्यांची एक जुडी आहे. एक चाक उधळायला लागलं की त्या चकत्या त्याला धरून ठेवतात आणि दुसऱ्याच्या वाट्याचा जोर दुसऱ्याला देतात. हीच माझी काय ती कमाई.

ते बूट होते मिस्त्रींचे. खुर्च्या, टेबलं, कपाटं बनवणारे मिस्त्री. निळ्या चपला त्यांच्या बायकोच्या, सगळी वस्ती त्यांना वहिनी म्हणते. वहिनींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, घरात एक हेकट लोखंड आहे तेवढं मला पुरेसं होतं. मिस्त्रींनी पैसे मोजले. मला टेंपोत घालून घरी आणलं. म्हणजे मी सरळसरळ घरजावईच झालो की.

घर चढावर. खालच्या नळापर्यंत डांबरी रस्ता, तिथून वर नुसती चिकणमाती आणि सुटी खडी, आणि मधे एक असं वळण की कोरड्या दिवशीसुद्धा वहिनी तिथे बोलणं थांबवायच्या. गाडी त्याच चालवतात. मिस्त्री चालवायला बसले की स्वतःच्याच गाडीच्या सावलीला ब्रेक मारतात, म्हणून त्यांना बाजूला बसवतात.

घरात तिसरं माणूस ताई. मिस्त्रींची मोठी बहीण. मिस्त्रींनी केलेल्या प्रत्येक वस्तूला पॉलिश ताईंच्या हातचं. मग ताईंची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून तीनदा शहरातल्या दवाखान्यात मशीनला लावायचं, रक्त धुऊन आणायचं आणि परत चढ चढून घरी. जाताना ताईंची पावलं सुजलेली असत, येताना पोकळ. दोन्ही मला दिसायचं.

मी यायच्या थोडं आधी काय झालं होतं ते मला पुढे त्यांच्याच बोलण्यातून कळलं. ओले दिवस, ताई मशीनवरून उतरलेल्या, गाडी वळणावर घसरली. एक चाक नुसतं गरगर फिरत राहिलं. ताई खाली उतरल्या आणि चालत निघाल्या. मधे दोनदा दगडावर बसल्या. घरी पोचल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं की आपली मावसबहीण दवाखान्याजवळ तळमजल्यावर राहते, तिच्याकडे एक खोली रिकामी आहे, महिना संपला की मी तिकडे जाईन. रागाने नाही, रडून नाही. भाजी संपत आली आहे, उद्या आणावी लागेल, असं सांगावं तशा आवाजात. दुसऱ्या दिवसापासून पॉलिशचे ब्रश धुऊन वाळत घालायला लागल्या.

गॅरेजवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, गाडी बदला नाहीतर घर बदला.

मिस्त्रींना "जाऊ नकोस" म्हणता येत नव्हतं. काही माणसांना बोलायचं असतं ते तोंडात जमत नाही, हातात जमतं. म्हणून ते मला घेऊन आले.

मग अंगणात काम सुरू झालं. काय सांगू, मी भट्टी बघितलीय, कारखाना बघितलाय, पण त्या अंगणातल्यासारखं काम बघितलं नाही. मिस्त्रींनी आधी जाड लाकडाच्या दोन घोड्या केल्या, हत्ती उभा राहिला तरी हूं म्हणणार नाहीत अशा. गाडी मागून उचलून त्यांच्यावर ठेवली, पुढच्या चाकांना ठोकळे लावले आणि मग स्वतः खाली शिरले. जुन्या ॲक्सलचे नट गंजून एकजीव झालेले. तेल पाजून रात्रभर ठेवले, सकाळी पान्याला लांब नळी लावून नवराबायको दोघं मिळून लटकले तेव्हा कुठे सुटले. जुना ॲक्सल खाली आला तेव्हा मिस्त्रींनी त्याला फेकला नाही. भिंतीशी नीट टेकवून ठेवला. मला ते आवडलं. आपली पाळी आल्यावर काय होणार हे आपल्याला तिथेच कळतं.

मी थोडा रुंद. गाडीचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या त्या कमानी, जिथे माझ्यावर टेकायला हव्यात तिथे माझ्या बैठका नव्हत्या. मिस्त्रींनी प्लायवुडचा साचा कापला, सुतळी ताणली, जुन्या ॲक्सलवरून माप उतरवलं. वेल्डरला घरी बोलावून मला एका जाड तुळईला आवळून बांधलं आणि बजावलं, इथे थोडं, मग तिथे थोडं, एका जागी तापवायचं नाही, लोखंड वाकडं होतं. वेल्डर म्हणाला, खुर्ची नाही हो ही. मिस्त्री म्हणाले, बसायचं तर यावरपण आहे.

ब्रेकमधली हवा काढायची तर एकाने खाली नळीशी बसायचं आणि एकाने वर ब्रेक दाबायचा. मिस्त्री खालून दाब म्हणत, धर म्हणत, सोड म्हणत आणि वहिनी मुकाट्याने तसं करत. ताई ओट्यावर बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांत तिने तुझं सांगितल्याबरहुकूम ऐकलेलं मी पहिल्यांदाच बघतेय, जरा सावकाश कर, संपवू नकोस.

इथवर सगळं ठीक. पण मग मिस्त्रींमधला मिस्त्री जागा झाला.

त्यांचा धंद्याचा एकच नियम: हललं नाही पाहिजे. खुर्ची झाली की चारी कोपऱ्यांवर तळवा दाबून बघायचे. टिक असा आवाज आला तरी पुन्हा सगळं खोलायचे. तोच नियम त्यांनी मला लावला. पाट्यांच्या जुडीत प्रत्येक बाजूला दोन-दोन जादा पाटे घातले. हादरे झेलणारे शॉकअप आणले ते माल वाहणाऱ्या गाडीचे, दगडासारखे कडक. आणि गाडी अजून घोड्यांवर, चाकं हवेत लोंबत असतानाच सगळे नट जीव खाऊन आवळून टाकले, जसा लाकडाचा सांधा जुळला की सुतार लगेच शिकंजा आवळतात. मग गाडी खाली उतरवून मागे दोन्ही हातांनी दाबून बघितली. केसभरसुद्धा हलली नाही. मिस्त्रींचे बूट तेव्हा जमिनीवर नव्हते म्हणा ना.

मला आतून कळत होतं की काहीतरी चुकतंय. सगळीकडून जखडल्यासारखं झालं होतं. पण सांगणार कुणाला.

पहिली चाचणी ओल्या दिवशीच घ्यायची ठरली, नाहीतर चाचणी कसली. ताई म्हणाल्या मीपण बसते. नळापर्यंत खाली गेलो, गाडी वळवली आणि वर निघालो. सुट्या खडीवर आलो मात्र, गाडी उड्या मारायला लागली. दगड आला की चाकाने वाकून त्याच्यावरून जायचं असतं. मला वाकताच येईना. दगडावर आपटायचो ते दोन्ही चाकं घेऊन वर उडायचो. माझ्या चकत्या धरायला तयार होत्या हो, पण खाली जमीनच नाही तर धरणार काय? वळणावर गाडी मागून बाजूला सरकली आणि हळूच, अगदी लाजल्यासारखी, चरात जाऊन टेकली.

ताईंचं डोकं टपाला लागलं होतं. त्या डोकं चोळत म्हणाल्या, मशीनवर निदान आडवं तरी झोपवतात. वहिनी हसल्या नाहीत. मग ताई म्हणाल्या, "अरे, तू माझ्यासाठी एवढा जीव काढू नकोस. मी तिकडे सुखाने राहीन."

मिस्त्री खाली उतरले, चरात उभे राहून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "भंगार ते भंगारच."

खाणीवरच्या मालकाने मला याहून वाईट शिव्या दिल्या होत्या. त्यातली एकही लागली नव्हती.

शेजाऱ्यांनी ओढून गाडी अंगणात आणली. दुसऱ्या दिवशी मिस्त्री माझ्याकडे फिरकले नाहीत. एका गिऱ्हाईकाचं जेवणाचं टेबल तयार झालं होतं, ते उजेडात बघावं म्हणून अंगणात आणून ठेवलं. आता टेबलाचे पाय हे मला फार चांगले दिसतात. चार सुबक पाय, त्यातले तीन जमिनीवर आणि चौथा हवेत. वहिनी त्याच्यावर शेंगा सोलायला बसल्या. टेबल डुगडुगलं. त्यांनी परत मुद्दाम हलवलं.

"अहो, तुमचं टेबल हलतंय."

मिस्त्री आतूनच ओरडले, "टेबल नाही हलत. जमीन वाकडी आहे."

"मग रस्ता काय सरळ आहे का?"

आतला रंधा थांबला. मग बूट बाहेर आले. टेबलाशी उभे राहिले, तो हवेतला पाय बघितला. मग माझ्याशी आले, खाली बसले, माझं चाक बघितलं. पुन्हा टेबलाशी. वहिनी शेंगा सोलत होत्या, सोलता सोलता म्हणाल्या, मला कालच बसल्या जागी कळत होतं, ही गाडी चालत नाहीये, हट्ट करतेय. काल का नाही सांगितलंस, मिस्त्रींनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, काल तुमचं तोंड बघितलं होतं का?

एवढा नावाजलेला कारागीर, पण चूक मान्य करायला त्यांना वेळ लागला नाही. हेच मला त्या माणसाचं सगळ्यात मोठं वाटतं. त्याच दुपारी गाडी पुन्हा घोड्यांवर चढली. जादा पाटे निघाले. कडक शॉकअप बदलून साधे आले. मग प्रत्येक नट त्यांनी सैल केला, पण आवळला नाही. तसाच सैल ठेवून गाडी जाड फळ्यांवर उतरवली, चाकांना पुढून मागून ठोकळे ठोकले आणि म्हणाले, ताई, जरा येऊन बस गाडीत. तुझ्या नेहमीच्या जागी.

ताई बसल्या. वहिनींना पुढे बसवलं. स्वतः मिस्त्रींना तर खाली शिरायचं होतं, म्हणून त्यांच्या जागी भुशाचं एक पोतं ठेवलं. वहिनी पोत्याकडे बघून म्हणाल्या, काही फरक कळत नाही.

गाडी हळूहळू खाली बसली. पाट्यांच्या टोकांची सैल झालेली रबरं आपापल्या जागी फिरली, मला किती दिवसांनी मोकळा श्वास आला. मिस्त्री पाना घेऊन माझ्या शेजारी उताणे झोपले.

वरून ताई म्हणाल्या, "माझ्या वजनाचं तुला काय करायचंय? मी तर निघाले."

पाना थांबला.

"तू बसल्यावर गाडी जेवढी खाली येते ना, तिथेच नट आवळायचेत. यापुढे ती त्याच मापाला राहणार."

"आणि मी नसले तर?"

मिस्त्रींचा चेहरा त्या दिवशी माझ्यापासून वीतभर होता. घोट्याच्या वरचं माणूस मी इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. ओठ दोनदा हलले आणि दोनदा मिटले.

"तर माप चुकेल," ते म्हणाले.

मग ताईंनी हळू आवाजात विचारलं, "बरं. मी हलू नको ना?"

"हल की," मिस्त्री म्हणाले. "हललंच पाहिजे."

आणि एकेक नट आवळला. घट्ट, पण बेताने.

त्यानंतरची ताईंची दवाखान्याची फेरी ओल्या दिवशीच आली. परत येताना नळापाशी वहिनींनी गाडी क्षणभर थांबवली. मिस्त्री त्यांच्या शेजारी अवघडून बसलेले, हात मांड्यांखाली दाबून. मग निघालो. खडी आली. डावं चाक दगडावर चढलं आणि उजवं खाली राहिलं, मी तिरका झालो, वाकलो, आणि दोन्ही चाकं जमिनीला चिकटून राहिली. वळणावर उजवं चाक चिकणमातीत गेलं आणि उधळायला लागलं. मी म्हटलं, थांब बाबा. चकत्या आवळल्या, डाव्या चाकाने जमीन पकडली आणि ढकललं. एक क्षण गाडी ना पुढे ना मागे. वहिनींनी पायाचा दाब वाढवला नाही, कमीही केला नाही, तसाच धरून ठेवला. असा पाय हजारात एखाद्याचा. आणि गाडी वर सरकली. वळण मागे पडलं, मग उरलेला चढ, मग अंगण.

इंजिन बंद झालं तरी मागून काही आवाज नाही. मिस्त्री घाबरून वळले. ताई मान कलती करून गाढ झोपल्या होत्या. मशीनने थकलेलं माणूस, त्यात गाडी पाळण्यासारखी हलत आलेली. वहिनींनी हळूच हाक मारली.

ताईंनी डोळे उघडले. "चढ आला का?"

"चढ गेला, ताई. घरी आलो."

ताईंनी खिडकीतून अंगण बघितलं, टेबल बघितलं, भावाकडे बघितलं.

"मग उठवलंस कशाला?" त्या म्हणाल्या आणि पुन्हा डोळे मिटून घेतले. त्यांना झोपू देऊन ते दोघं कितीतरी वेळ गाडीतच बसून राहिले.

मावसबहिणीला ताईंनी फोन केला. खोली दुसऱ्या कुणाला दे म्हणाल्या. का, असं तिने विचारलं असावं, कारण ताई म्हणाल्या, इथे गाडीला माझी गरज आहे.

त्याला आता बरेच ओले हंगाम झाले. मी काही तरुण राहिलेलो नाही. वळणावर पोटातल्या चकत्या गुरगुरतात, डाव्या बाजूने तेल पाझरतं. वहिनी म्हणतात घरातले सगळेच आता पाझरायला लागलेत. मिस्त्री दर सुटीला खाली येऊन मला पुसतात, मला जे वेगळं तेल लागतं ते वेळेवर घालतात. ताई बारीक झाल्या की गाडीचं माप बदलतं, किंवा बदलतं असं मिस्त्रींना वाटतं. मग ते अंगणातून हाक मारतात, ताई, जरा बसतेस का? ताई हातातला ब्रश ठेवून येतात, मागच्या जागी बसतात आणि खालच्या भावाशी गप्पा मारतात. वरून एक बोलते, खालून एक बोलतो. समोरासमोर बसून ती दोघं कधी इतकं बोलत नाहीत.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. घरच्या घरी गाडीचं काम काढलंत तर नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, मिस्त्रींसारख्या भक्कम घोड्या लावा, तुमची वाट बघणारं कुणीतरी घरात आहे. आमच्यासारख्यांचं तेल वेळेवर बदला. आणि जमलं तर आधी लाथ मारायचं तेवढं सोडा.

अजून पुष्कळ सांगितलं असतं. पण निळ्या चपला आल्या, पुढचं दार वाजलं. आता मागचं वाजेल. वाजलं. ताईंचं वजन आलं अंगावर. निघतो.